मुकादमाच्या परसातली बया

तळ्यावरच्या मुकादमाचं जगात कुणाशी वैर असेल तर ते जलपर्णीशी. तिचं नावसुद्धा तो घेत नसे. तो तिला 'बया' म्हणायचा. 'आज बया पायऱ्यांपर्यंत आली', 'आज बयेनं हत्तीचा पट्टा तोडला', असं तो घरी येऊन सांगायचा. नवख्या माणसाला वाटायचं, नगरपालिकेत कुणी खाष्ट साहेबीण बदलून आली असावी.

हत्ती म्हणजे तण काढायचं यंत्र. पाण्यावर तरंगत जायचं, पुढची सोंड पाण्यात घालायची आणि जलपर्णी उचलून पाठीवर टाकायची, हे त्याचं काम. प्रत्यक्षात हत्ती सकाळी थोडा वेळ राबायचा आणि मग कुठेतरी तळ्याच्या मधोमध रुसून बसायचा. मग मुकादम आणि त्याची माणसं कमरेइतक्या पाण्यात उतरून हातांनी ओढत बसायची. एक कोपरा घाम गाळून मोकळा करावा, जेवून यावं, तर मोकळ्या जागी चार पानं आरामात डुलत असायची. चार पानं म्हणजे चार दिवसांनी गालिचा. वर तिला जांभळी फुलं यायची, आणि रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून 'काय सुंदर' म्हणायची. ते ऐकलं की मुकादमाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पण माणूस कामाला वाघ होता. नगरपालिकेतले त्याचे साहेब कुठेही कुणाशीही बोलताना म्हणायचे, "तळ्याचं मला विचारू नका. तिथे आमचा मुकादम आहे."

मुकादम राहायचा तो बायकोच्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोल्यांत. पुढे दुकान, दुकानात गोल काचेच्या दाराची दोन मोठी मशीन, इस्त्रीचं लांबलचक टेबल आणि कायम वाफ. हॉटेलांचे टेबलक्लॉथ, दवाखान्यांच्या चादरी, लोकांचे कोट आणि पडदे, सगळ्यांची घाण इथे यायची आणि घडी घालून परत जायची. मागे परस. परसात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर बारा महिने चादरी, आणि चादरींच्या पलीकडे सिमेंटचा एक उघडा हौद. मशीनचं सांडपाणी या हौदात यायचं, आणि हौद भरला की पाइपाने बाहेरच्या नाल्यात जायचं. पुढे ते कुठे जातं याचा विचार घरात कुणी केला नव्हता. पाणी आहे, जाईल कुठेतरी.

घड्या घालायचं खातं सासूबाईंकडे होतं. त्या लेकीकडे चार दिवस राहायला म्हणून आल्या होत्या आणि ते चार दिवस अजून संपायचे होते. चष्मा कपाळावर, रेडिओ कानाशी आणि हातात चादर, असा त्यांचा दिवस जायचा. रेडिओ नुसता ऐकायचा ही पद्धत त्यांना मान्य नव्हती. त्या त्याच्याशी बोलायच्या. बातम्या देणाऱ्याला तर त्या सरळ 'अरे बाबा' म्हणत.

भानगड सुरू झाली ती शेजारच्या सुतारामुळे. त्याचं म्हणणं, हौदाचा वास कुंपण ओलांडून त्याच्या कारखान्यात येतो आणि नव्या कपाटांत मुरतो. "गिऱ्हाईक कपाटाचं दार उघडतं, आत डोकं घालतं आणि माझ्याकडे बघतं," तो म्हणाला. "मी काय सांगू त्याला?" त्याने अर्ज केला, आणि एका सकाळी सांडपाणी खात्याची इन्स्पेक्टरबाई दारात उभी राहिली. तरुण, हसरी, पायांत बूट, हातात बाटल्यांची पेटी. तिने चादरी बाजूला सारून हौदाकडे नुसतं पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला. मग पाण्याचा नमुना घेतला, पाइप कुठे जातो ते वाकून बघितलं आणि परत येऊन स्टुलावर बसली.

"हे पाणी असंच नाल्यात सोडता येणार नाही," ती म्हणाली. "आधी स्वच्छ करायला लागेल. पुढच्या नमुन्यात असंच निघालं तर मला मशीनला टाळं लावावं लागेल."

मुकादम नुकताच कामावरून आला होता. त्याने घरचा माणूस आणि नगरपालिकेचा माणूस अशा दोन्ही नात्यांनी हसून बघितलं. "मॅडम, साबणाचंच पाणी आहे. साबण म्हणजे उलट स्वच्छताच की."

"तुम्ही तळ्यावर असता ना?"

"हो. सगळं तळं माझ्याकडेच."

"हा नाला तळ्यातच जातो," इन्स्पेक्टरबाई म्हणाली. "आणि या साबणात जे असतं ते जलपर्णीचं टॉनिक आहे. नाल्याच्या तोंडाशी ती सगळ्यात जास्त माजलेली असते, बघितलंय ना तुम्ही?"

मुकादमाने बघितलं होतं. तो कोपरा त्याच्या आयुष्याचं दुखणं होता. त्याने हळूहळू मान वळवून बायकोकडे बघितलं.

"म्हणजे मी तिकडे दिवसभर तिला उपटतोय," तो म्हणाला, "आणि तू इकडून तिला जेवायला घालतेयस."

"मला काय माहीत ती कुठे जेवते ते," बायको म्हणाली, आणि इस्त्री जरा जोरातच आपटली.

इन्स्पेक्टरबाई गेल्यावर घरात विचारविनिमय झाला. पाणी गाळायचं यंत्र येतं असं कळलं, पण ते ठेवायला जागा करायची तर माणसांना बाहेर झोपावं लागलं असतं. मुकादमाने तुरटी टाकून बघितली. पाणी काही क्षण विचारात पडल्यासारखं दिसलं आणि पुन्हा होतं तसं झालं. तेव्हा सासूबाई चादरीची घडी अर्धी टाकून म्हणाल्या, "जावईबापू, एक सांगू का?"

"सांगा."

"रेडिओवर तो बाबा सांगत होता. जलपर्णी म्हणे घाण पाण्यातली घाण पिते. मुळांनी ओढून घेते. कुठेकुठे मुद्दाम लावतात. तुमच्याकडे तर ढीग पडलाय. आणा की चार."

ज्याचा जन्म चोर पकडण्यात गेला त्याला कुणी 'चोराला पाहुणा म्हणून बोलवा' असं सांगावं, तसं मुकादमाचं झालं. मग तो उठला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सासूबाई, तुम्ही मोठ्या आहात. पण या घरात एक तर ती राहील, नाही तर मी."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी यातला कुठला पर्याय निवडला ते मात्र सांगितलं नाही.

मुकादमाची एक सवय होती. संध्याकाळी आला की गमबूट मागच्या दाराशी काढून ठेवायचा आणि आत जाऊन पाय पसरायचा. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बूट बादलीत बुडवून धुवायला घेतले, तर टाचेला एक फुटवा चिकटलेला. दोन फुगीर देठ, दोन पानं आणि खाली काळ्या दाढीसारखी मुळं. सासूबाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढून नीट बघितलं. मग इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि चादरी बाजूला करून तो हौदात सोडून दिला. आपण काहीच आणलं नाही, जावयाने स्वतःच्या पायाने आणलं, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

मायलेकींचं एकमत व्हायला एक कप चहा पुरला.

पुढचं सगळं बयेनं स्वतः केलं. असं जेवण तिला तळ्यातही मिळालं नव्हतं. आठवड्याभरात एकीच्या चार झाल्या, मग कोपरा भरला, मग हौद. पानं अशी तकतकीत, की सासूबाई त्यांना रेडिओ ऐकवायला लागल्या. पाणी हळूहळू निवळलं. वास आधी कमी झाला, मग सुताराने कुंपणावरून डोकं काढून 'लॉन्ड्री बंद झाली का?' असं विचारलं. मुकादमाला यातलं काही दिसायचं कारण नव्हतं. चादरींच्या पलीकडे जाण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. ओल्या चादरी तोंडावर आपटतात म्हणून, तुरटी टाकायला गेला तेवढं सोडलं तर, तो परसात फिरकतच नसे. वास गेला हे त्याच्याही लक्षात आलं, पण ते श्रेय त्याने तुरटीला दिलं.

"उशिरा का होईना, तुरटी लागू पडली," तो म्हणाला.

"तुम्ही टाकली म्हणून," बायको म्हणाली. सासूबाईंनी रेडिओचा आवाज वाढवला.

एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर काचेच्या ग्लासात एक फूल होतं. फिकं जांभळं, वरच्या पाकळीवर मोराच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. बायकोने हौसेने ठेवलं आणि ठेवल्यावर आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं. पण आता उचलणार कसं? मुकादम समोर येऊन बसलाही होता. असली फुलं त्याने तळ्यावर हजारोंनी पाहिली होती, पण ती चिखलातली, बोटीखाली चिरडली जाणारी. स्वच्छ पाण्याच्या ग्लासात, दिव्याखाली, एकटं नटूनथटून बसलेलं फूल त्याला ओळखूच आलं नाही.

"छान आहे," तो घास घेता घेता म्हणाला. "कुठून आणलंस?"

"गिऱ्हाईकानं दिलं."

तो जरा वेळ बघत राहिला. "थोडंसं त्या बयेच्या फुलासारखं दिसतं नाही? पण याला घराणं आहे. लगेच कळतं."

सासूबाईंना ठसका लागला. त्यांना पाणी द्यावं लागलं.

तिकडे तळ्यावर त्या मोसमात चमत्कार घडत होता. साहेबांनी दुसरा हत्ती आणला, वर जादा माणसं दिली, आणि मुकादमाने ऊन म्हटलं नाही की पाऊस म्हटला नाही. एक दिवस असा उजाडला की तळ्यात फक्त पाणी होतं. मुकादम काठावर उभा राहून आ वासून बघत राहिला. इतकी वर्षं झाकलेलं तळं इतकं मोठं आहे हे त्यालाही माहीत नव्हतं.

साहेबांना हुरूप चढला. त्यांनी मोठा समारंभ ठरवला आणि फलक रंगवायला दिला: 'जलपर्णीमुक्त शहर'. नुसतं तळं म्हटलं तर त्यांना कमी वाटत होतं. "शहर म्हटलं की शहर," ते मुकादमाला म्हणाले. "कुणाच्या हौदात, कुंडीत, टाकीत एक पान राहता कामा नये. एक राहिलं की परत सगळं सुरू. तुम्ही स्वतः घरोघर जाऊन बघा."

मुकादम गेला. असा गेला की लोक दारं लावून घ्यायला लागले. कारंजी तपासली, गच्चीवरच्या टाक्यांत डोकावला, शाळेच्या कमळाच्या टाकीवर दुपारभर संशय घेऊन बसला. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात माशांच्या पेटीत त्याला एक हिरवं झाड दिसलं. पेशंट तोंड उघडं ठेवून बघत असताना त्याने बाही सारून हात आत घातला आणि ते मुळासकट उपटलं. ते प्लास्टिकचं निघालं. तरी त्याने डॉक्टरांना सांगितलं, "आज प्लास्टिकचं आहे. उद्याचं कोण सांगणार?"

शेवटचं घर तपासून तो विजयी वीरासारखा घरी आला. नेमकी त्या दिवशी एका मोठ्या हॉटेलाची ऑर्डर गेली होती आणि दोऱ्यांवर एकही चादर नव्हती. मुकादमाने मागच्या दाराशी एक बूट काढला, मान वर केली, आणि दुसरा बूट काढायचा राहून गेला.

हौद काठोकाठ हिरवा होता. बया वाऱ्यावर डुलत होती. जांभळ्या फुलांचे झुबकेच्या झुबके, आणि त्यांच्या मध्ये एक बेडूक, घरमालकासारखा.

बायको बाहेर आली तेव्हा तो एका पायात बूट घालून उंबऱ्यावर बसला होता.

"हे कधीपासून?" त्याने विचारलं.

"तुमच्या तुरटीपासून," बायको म्हणाली. खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता.

"मी लोकांच्या माशांच्या पेट्या उपसून आलोय. सगळ्या शहरात ती आता फक्त माझ्या घरात आहे. माझ्या. उद्या समारंभ आहे, मला शाल का प्रमाणपत्र का काय ते देणारेत."

"आधी जेवून घ्या, जावईबापू," आतून सासूबाई म्हणाल्या.

"मी हे सगळं आत्ता उपटतो."

"उपटा," बायको म्हणाली. "त्या बाईनं बाहेर पाइपाच्या तोंडाशी नवा नमुना घेतलाय, उद्या सकाळी ती त्याचा निकाल घेऊन येणार आहे. हौद बघितल्याशिवाय जायची नाही. तो घाण दिसला की टाळं लावेल. मग तुम्ही मला तळ्यावर कामाला घ्या."

मुकादमाला बायको आवडायची, पण तळ्यावर आपल्याच हाताखाली आवडेल का याची खात्री नव्हती. शेवटी ठरलं, की बाई येऊन गेली की लगेच उपटायचं आणि पोत्यात भरून पुरायचं. एवढं ठरल्यावर तो जेवला. टेबलावर ग्लासात नवीन फूल होतं. त्याने ग्लास पाठमोरा केला, पण फुलाला पाठ नसते हे त्याच्या लक्षात आलं.

सकाळी इन्स्पेक्टरबाईच्या आधी साहेब आले. दाराशी गाडी थांबली, आणि साहेब हातात स्वतःचा ठेवणीतला कोट घेऊन उतरले. समारंभाचा कोट आयत्या वेळी चुरगळलेला निघाला होता.

"मुकादमांच्या घरी लॉन्ड्री असताना मी दुसरीकडे कशाला जाऊ?" ते पुढच्या दारातूनच मुकादमाच्या बायकोला म्हणाले. "आणि आलोच आहे तर मुकादमांचंही परस बघून जातो. सगळ्यांची घरं तपासली, त्यांचं कुणी तपासलं नाही, असं लोकांनी म्हणायला नको."

ते हसत होते. मुकादम मागच्या दारातून हे ऐकत होता आणि तो हसत नव्हता. त्याने धाव घेतली ती थेट हौदाकडे. पोतं सापडेना. टोपली सापडेना. दुकानाच्या मागच्या दाराशेजारचं मोठं मशीन तेवढं रिकामं होतं, दार सताड उघडं. मुकादमाने मिठीत घेऊन घेऊन बया आणली आणि आत कोंबली. उभ्या जन्मात त्याने इतक्या वेगाने जलपर्णी काढली नव्हती. शेवटची मुळं गुडघ्याने आत लोटून त्याने दार लावलं आणि कपडे झटकत पुढे आला, तोंडावर स्वागताचं हसू आणि कानामागे एक पान. ते पान बायकोने अंगावरचा धागा झटकावा तसं सहज काढून घेतलं.

साहेब परसात गेले, रिकाम्या हौदात बघून "वा" म्हणाले आणि परत येऊन मशीनच्या समोरच्या स्टुलावर बसले. बायकोने कोट टेबलावर पसरला. सगळं निभावलं असं मुकादमाला वाटतंय न वाटतंय तोच सासूबाई आतून आल्या. चष्मा कपाळावर होता.

"अगं, मशीन भरून ठेवलंय आणि बंदच?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

ते मशीन एकदा सुरू झालं की धुऊन, पिळून झाल्याशिवाय दार उघडत नसे. मुकादमाने हे मशीन आणलं तेव्हा या गुणाचं तोंड भरून कौतुक केलं होतं. आता काचेमागे आधी पाणी आलं, मग फेस आला, मग हिरवं काहीतरी गोल फिरायला लागलं. साहेबांना दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

"हे काय धुताय?" त्यांनी विचारलं.

"पडदे," बायको म्हणाली. "हिरवे."

एक जांभळं फूल येऊन काचेला चिकटलं, थोडा वेळ साहेबांकडे बघत राहिलं आणि पुन्हा फेसात गेलं.

"फुलाफुलांचे दिसतात."

"हो, फुलाफुलांचेच."

साहेबांनी स्टूल जरा पुढे घेतलं. पाणी आता गडद हिरवं झालं होतं. "रंग जातोय वाटतं."

"कच्चा आहे," बायको म्हणाली. "मी सांगितलं होतं त्यांना."

"कुणाचे आहेत?"

"माळ्याचे," मुकादमाच्या तोंडून निघून गेलं.

"माळ्याकडे असले पडदे?" साहेब विचारात पडले. "आमच्या हिला अगदी असेच हवे आहेत. झाले की दाखवा मला. पोत बघतो."

मशीन घरघरत होतं. बायको एकाच बाहीला पुन्हा पुन्हा इस्त्री करत होती. एवढ्यात इन्स्पेक्टरबाई आली, साहेबांना बघून जरा दचकली, आणि मग आनंदाने म्हणाली, "बरं झालं सर, तुम्ही पण आहात. तुमच्या मुकादमांच्या घरचं पाणी सगळ्या लॉन्ड्र्यांमध्ये पहिलं आलंय. मी नमुना दोनदा तपासायला लावला. पाइपाच्या तोंडाशी पाणी अगदी निवळशंख आहे."

साहेबांची छाती फुगली. "आमचे मुकादम म्हणजे काय."

"पण केलंत काय तुम्ही?" ती मुकादमाला म्हणाली. "मला बाकीच्यांना सांगता येईल. चला, हौद दाखवा."

मुकादमाने बायकोकडे बघितलं. बायकोने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी आता चष्मा डोळ्यांवर घेतला होता आणि त्या मशीनच्या काचेत बघत होत्या. आपण काय केलं हे त्यांना कळलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मशीन गदगदा हललं, थांबलं, आणि दाराची कडी टक्‌ करून सुटली.

"झाले पडदे," साहेब उठले.

मुकादम त्यांच्या आणि मशीनच्या मध्ये जाऊन उभा राहिला. आजवर तो साहेबांशी खोटं बोलला नव्हता, आणि सकाळपासूनच्या अनुभवावरून हे काम आपलं नाही अशी त्याची खात्री पटली होती.

"साहेब, आत पडदे नाहीत," तो म्हणाला. "आत बया आहे."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी खोलीतल्या बायका मोजल्या. "कोण बया?"

"तीच."

"आणि तुम्ही इतका वेळ नुसते उभे आहात? तिला बाहेर काढा आधी. डॉक्टरला बोलवा."

"डॉक्टर काय करणार, साहेब. ती काही मरत नाही. मी किती वर्षं प्रयत्न करतोय."

साहेब भिंतीला टेकले. काहीतरी भयंकर गैरसमज होतोय हे इन्स्पेक्टरबाईच्या लक्षात आलं आणि तिने पुढे होऊन दार ओढलं. आतून पिळून निघालेला हिरवा लगदा भसकन बाहेर आला आणि साहेबांच्या बुटांवर विसावला. त्यात देठ होते, दोरे होते, मुळांच्या दाढ्या होत्या, आणि साबणाचा अतिशय ताजा वास होता.

मुकादमाने सगळं सांगितलं: बूट, फुटवा, तुरटी, फूल, हौद. सासूबाई मध्ये मध्ये 'ते मी केलं' एवढंच म्हणत होत्या. साहेब एका पायावरचं पान दुसऱ्या पायाने काढायचा प्रयत्न करत ऐकत होते.

"जलपर्णीमुक्त शहर," शेवटी ते म्हणाले. "फलक लागलाय माझा."

इन्स्पेक्टरबाई खाली बसून लगदा चाचपत होती. "सर, तळ्यात नकोच ही. तिथे पाण्याचा गळा आवळते. पण बंद हौदात, पाइपाला जाळी लावून आणि वाढेल तशी काढत राहिलं, तर काम चांगलं करते. घाण ओढून घेते. फक्त काढलेली नाल्यात टाकायची नाही, नाही तर घाणीसकट परत तळ्यात." ती मुकादमाकडे वळली. "वेळच्या वेळी उपटणारा माणूस हवा. तेवढं जमलं की झालं. उपटायची सवय असलेला कुणी आहे का घरात?"

घरातल्या सगळ्यांनी मुकादमाकडे बघितलं.

समारंभाला साहेब कोट घालून गेले. कोट झकास झाला होता, त्यातल्या त्यात उजवी बाही. फलकावरच्या 'शहर' या शब्दावर रंगाऱ्याने घाईघाईने 'तळं' लिहिलं होतं, आणि ओला रंग ओघळून तळ्याला पाणी सुटल्यासारखं दिसत होतं. भाषणात साहेबांनी सांगितलं, की जलपर्णीचा संपूर्ण पराभव झाला आहे, आणि जी शेवटची सापडली तिला सक्तमजुरीची शिक्षा देऊन नगरपालिकेच्या एका विश्वासू माणसाच्या कोठडीत ठेवलं आहे. टाळ्या पडल्या. मुकादमाने प्रमाणपत्र घेतलं. फोटोत तो खाली बघताना दिसतो.

कोठडीत मात्र कैदी उरलाच नव्हता. हौद रिकामा होता, मशीनमधला लगदा सुताराच्या बागेत खड्डा करून पुरला होता, आणि सांडपाण्याला पुन्हा वास यायला लागला होता. मुकादम जगात पहिल्यांदाच जलपर्णी शोधत फिरला. तळं त्याने स्वतःच साफ केलेलं. शहर त्याने स्वतःच तपासलेलं. नाइलाजाने तो दातांच्या डॉक्टरांकडेसुद्धा डोकावून आला. शेवटी सासूबाईंनी मशीनच्या दाराचं रबर पुसताना बोटभर तुकडा बाहेर काढला: एक देठ, एक फाटकं पान आणि मुळांच्या नावाने दोन केस.

"जगेल का?" बायकोने विचारलं.

"न जगायला काय झालं," मुकादम तिरीमिरीत म्हणाला, पण त्याने तो तुकडा ओंजळीत घेऊन हौदात सोडला, आणि सोडल्यावर पाणी हलू नये म्हणून काठावरून हळूच बाजूला झाला.

बया रुसली. पान पिवळं पडलं, कडेने वाळलं. मुकादम कामावर जाण्याआधी हौदाशी उभा राहायचा. कामावरून आल्यावर बूट न काढता आधी हौदाशी जायचा. ओल्या चादरी तोंडावर आपटायच्या तर आपटू देत. बायकोला त्याने गरम पाणी एकदम हौदात सोडायला बंदी केली. बेडूक त्या पानावर बसायला गेला तर त्याला उचलून कुंपणापलीकडे सुताराकडे पाठवलं. एका सकाळी तो काठावर बसून खालच्या आवाजात म्हणत होता, "अगं, तळ्यात तर कशी वाढायचीस. तिथे काय मी वेगळा होतो का?" मागून बायको चादर वाळत घालायला आली होती. ती तशीच चादर घेऊन परत गेली आणि थोड्या वेळाने मोठ्याने खोकत आली.

त्याच आठवड्यात पिवळ्या पानाच्या पोटातून एक हिरवं टोक वर आलं. गुंडाळलेलं, पेन्सिलीसारखं. मुकादमाने बायकोला हाक मारली, मग सासूबाईंना. सासूबाई रेडिओ घेऊनच आल्या. तिघं हौदाभोवती वाकून उभी राहिली. पान अजून उलगडलं नव्हतं, पण उलगडणार हे नक्की होतं, आणि देठाच्या बाजूने दुसरा फुटवा हात पसरत होता.

तेवढ्यात पुढच्या दाराशी तळ्यावरचा एक गडी आला. पलीकडच्या काठाला, झाडांच्या सावलीत, पुन्हा चार पानं दिसली आहेत, असं त्याने सांगितलं.

मुकादमाचे कान तापले. त्याने गमबूट चढवले, विळा उचलला आणि दाराकडे निघाला. मग थांबला, परत आला आणि बायकोला म्हणाला, "मी तिकडची मुळासकट काढून येतो. इकडे हॉस्पिटलच्या चादरी आज लवकर धुवायला घे. तिला सकाळपासून काही मिळालेलं नाही."

"बरं," बायको म्हणाली, आणि मशीन भरायला आत गेली.